चिखलाला जेवू घालणारे सर

आमचे सर रोज आधी चिखलाला जेवू घालत आणि मगच स्वतःचा डबा उघडत. अमरावतीच्या कॉलेजात त्यांच्या टेबलावर काचेची एक बरणी होती. तीत नाल्यातला चिखल, कार्बनच्या दोन कांड्या, कांड्यांना तारा आणि तारांना मीटर. पोरं त्यांना चिखलवाले सर म्हणत. "आदी यायले, मंग आपल्याले," असं म्हणत सर बरणीत भाताची पेज ओतायचे.

चिखलातले जिवाणू खातात तेव्हा इवलीशी वीज तयार होते. पाण्यातून विष आलं की त्यांचं खाणं मंदावतं आणि मीटरचा काटा खाली येतो. सर एवढंच सांगत, "लेकरू जेवेना झालं तं मायले काय समजते? तेच हे."

मी मोर्शीकडची. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते. आमच्या गावात संत्र्यावर फवारणी झाली की पंप विहिरीच्या काठावरच धुतात. पिण्याचं पाणीही त्याच विहिरीचं. हे ऐकलं आणि सर बरणी मांडीवर घेऊन एसटीनं गावात आले.

सगळ्यांसमोर त्यांनी विहिरीचं पाणी बरणीत घातलं. काटा धाडकन खाली. "हे पाणी पिऊ नका," सर म्हणाले. तेवढ्यात पंचायतीचा शिपाई बोलला, "असं कसं, सर? तुमी येऊन राहिले म्हणून तं सरपंचानं कालच ब्लिचिंग टाकाले लावलं!"

गाव खो खो हसलं. ब्लिचिंगनं बरणीतले जिवाणूच मेले होते. सरही हसले, पण परतताना म्हणाले, "पाण्यात काईतरी हाये, एवढंच हे सांगते. काय हाये, ते म्या इचाराले पायजे होतं."

मग काही दिवसांनी, नवा चिखल भरून, कुणालाही न कळवता ते पुन्हा आले. या वेळी विहिरीत ब्लिचिंग नव्हतं. काटा तरीही उतरला, हळूहळू. तपासणी होईपर्यंत विहीर बंद ठेवा म्हणून त्यांनी सरपंचांना हात जोडले.

"मांगच्या टायमालेबी तुमी असंच म्हणलं होतं, सर," सरपंच म्हणाले. "च्या घ्या."

पुढच्या उन्हाळ्यात सर वारले. बरणी आता माझ्या अकोल्याच्या घरी आहे. तिला पेज घातल्याशिवाय मी जेवत नाही.

माहेरी जाताना मी पाण्याची कॅन नेते. "कावून वं, शिकली तं घरचं पाणी कडू लागते काय तुले?" माय विचारते. मी सगळं पुन्हा सांगते. ती ऐकून घेते, कॅन पाहुण्यांसाठी झाकून ठेवते, आणि विहिरीच्या पाण्याचा ग्लास तोंडाला लावते.