टॅलीहिलमधली बाई

रॉयल गॅडिसनं टॅलीहिलच्या हवेलीत बाई ठेवलीय, ही कुजबुज आमच्या मिसिसिपीकाठच्या गावात चर्चच्या मासळी-जेवणात पहिल्यांदा झाली. तळलेला मासा गार व्हायच्या आत ती शेवटच्या बाकावर पोचलीसुद्धा. पोचवायला माझाही हातभार होता, नाही म्हणत नाही.

रॉयल गवंडी, वय साठ. हवेलीची शेवटची मालकीण वारली, छप्पर खचलं, वेलींनी खांब गिळले. मग जतन समितीच्या गोऱ्या बायकांना जाग आली आणि त्यांनी भिंती सांधायला रॉयलला बोलावलं. जुन्या मऊ विटेला सिमेंट लावलं तर वीटच फुटते. चुना लागतो, आणि चुना सावकाश वाळतो. पण किती सावकाश? हवेली लोकांना दाखवायला तीन आठवडे उरले, तरी मागच्या स्वयंपाकघराची एक भिंत गिलाव्यावाचून उघडीच.

बायको वर्लीन, शाळेत स्वयंपाकीण. तिच्याकडे पुरावे होते. नवरा कामावर जाताना दाढी करतो. तिचा पावडरचा मऊ ब्रश गायब झालाय. आणि झोपेत हा पुटपुटतो, "हेस्टर."

"सिस्टर वर्लीन, साठीत पुरुष चळतातच," शेजारची पर्ली चर्चमधल्या सवयीनं म्हणाली. "माझा निदान पलीकडच्या गावात तरी गेला होता."

"आणि परत आला, हे तुझं नशीब!" म्हणत वर्लीननं बिडाचा तवा उचलला आणि भर दुपारी हवेलीकडे निघाली. न्हाव्याच्या दुकानातून आमच्या सगळ्यांच्या माना बाहेर. पुढचं तिनंच नंतर सांगितलं.

रॉयल त्या उघड्या भिंतीशी गुडघे टेकून बसला होता. हातात तिचाच ब्रश.

"कुठंय ती?"

"कोण?"

"हेस्टर! माझा ब्रश तिच्या गालांसाठी नेलास ना?"

त्यानं ब्रशनं धूळ झाडून एक वीट दाखवली. वीट ओली असताना तिच्यावर लहान बोटं उमटली होती. चार पुरी, करंगळी अर्धी.

"आजी हेस्टरच्या अर्ध्या करंगळीची गोष्ट सांगायची, तीच ही. गिलावा केला की ही खूण गेली. म्हणून 'चुना वाळला नाही' म्हणत दिवस काढतोय."

"मला का नाही सांगितलंस?"

"हसली असतीस."

"हसले असते. पण डबा तरी दोघांचा दिला असता." वर्लीननं वाकून त्या बोटांकडे पाहिलं. "माझ्यासाठी मात्र कधी दाढी केली नाहीस."

तशीच ती समितीच्या अध्यक्षीणबाईंकडे गेली. "ती भिंत उघडी राहील. नाहीतर माझा नवरा उद्यापासून येणार नाही." तवा अजून हातातच होता. बाईंना पटलं.

भिंत आजही उघडी आहे. रॉयलनं कुणी बाई ठेवली नव्हती. हेस्टर त्याची पणजी. नऊ वर्षांची गुलाम असताना तिनं ती वीट थापली होती.