साठ गुडघे, एक मशीन

किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्या फॉर्मवर सगळ्यात खाली ‘इतर शेरा’ असा एक बारका चौकोन होता. वरच्या रकान्यांत जे बसत नाही ते तिथं लिहायचं. वर्षाच्या शेवटी बघतो तर रकाने निम्मे रिकामे, आणि शेरे मात्र कागदाच्या मागच्या बाजूला जाऊन पोचलेले! ते शेरे पुण्याहून कुणी मागितले नाहीत. मग मी ते मित्रांना चहावर सांगायला लागलो.

आधी काम काय होतं ते सांगतो. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं. आमवातात ते सुजतं, आणि सुजून सुजून शेवटी हाडालाच खायला उठतं. ही सूज सोनोग्राफीत लवकर पकडता येते का, आणि औषधानं ती कशी उतरते, हे बघायचं होतं. सूज असली की स्क्रीनवर लाल ठिपके पेटतात, उतरली की विझतात. साठ माणसं, प्रत्येकाचा एक गुडघा, दर चार महिन्यांनी एक फोटो, असे तीन फोटो. संशोधन पुण्याच्या एका मोठ्या संस्थेचं. धाराशिव जिल्ह्यातलं काम आमच्या ढोबळे मॅडमकडं. सुमन सिस्टर रक्त घ्यायच्या, रज्जाकमामा जीप चालवायचे आणि मी रजिस्टर लिहायचो. एवढीच आमची फौज.

मशीन उसनं होतं. काम चांगलं झालं तर ते कायमचं इथं राहणार, नाही झालं तर पुण्याला परत. मॅडमना ते हवंच होतं. का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या आईच्या दुखण्याचं नाव कळेपर्यंत तिच्या दोन्ही हातांची बोटं वाकडी होऊन गेली होती. “माझ्या लग्नात आईच्या मुठीत अक्षता राहिल्या नाहीत,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या मशीनवर धूळ बसलेली मी कधी बघितली नाही. रोज सकाळी मीच पुसायचो.

*

फॉर्ममधला पहिलाच प्रश्न असा: “सकाळी उठल्यावर सांधे किती मिनिटं आखडलेले राहतात?”

आता सकाळी उठून घड्याळ लावून कोण बसतं? आम्हाला उत्तरं यायची ती अशी: म्हशीची धार निघेस्तोवर. नळाचं पाणी जाईस्तोवर. आणि सगळ्यात जास्त बायका सांगायच्या, “दोन भाकरी व्हईस्तोवर.”

मॅडम शिस्तीच्या. त्यांनी सुमन सिस्टरना घरी भाकरी करताना घड्याळ लावायला सांगितलं. एका भाकरीला किती मिनिटं हे ठरलं, आणि मी भाकऱ्यांची मिनिटं करून रकाना भरायला लागलो.

कळंबकडच्या एक मावशी होत्या. पहिल्या खेपेला दोन भाकरी. चार महिन्यांनी आल्या तर आकडा एकदम नऊ भाकऱ्यांवर गेलेला. मॅडम हादरल्या. औषध लागू पडत नाही म्हणजे काय! त्यांनी लगेच गुडघा बघितला, मनगटं बघितली. स्क्रीनवर सूज नावालासुद्धा नाही.

“मावशी, फोटो तर चांगला आलाय. मग एवढा वेळ हात आखडतातच कसे?”

मावशींनी आधी दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “आता सून करती ना भाकरी. तिच्या समद्या व्हईस्तोवर आखडत्यातच.”

*

वेदना मोजायची पट्टी असते. काहीच दुखत नसेल तर शून्य, सोसवत नसेल तर दहा. येडशीचे एक निवृत्त गुरुजी आले होते. गुडघा हा सुजलेला, खुर्चीत बसतानाच कपाळावर घाम. मी विचारलं, “गुरुजी, दहापैकी किती?”

त्यांनी बराच वेळ विचार केला. “साडेसहा.”

“गुरुजी, तुम्हाला तर बोलवतसुद्धा नाहीये.”

“व्हय. पण म्या जल्मात कुणाला पैकीच्या पैकी दिलं न्हाईत.”

पुढच्या खेपेला गुरुजी काठीशिवाय चालत आले. चेहरा टवटवीत, गुडघा निम्मा उतरलेला. मी खुशीत विचारलं, “आता किती?”

“सहा.”

“फक्त अर्धाच मार्क कमी?”

“प्रगती हाय,” गुरुजी म्हणाले, “पर एकदम हुरळून जाऊ नये म्हणून.”

*

सोनोग्राफीच्या आधी गुडघ्यावर जेली लावतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिला काही गुण नाही, फोटो नीट यावा म्हणून लावायची. पण ती असते गार, आणि येडशीला आमचा कॅम्प लागला तो ऐन उन्हाळ्यात. पहिल्या आजी खाटेवरून उतरल्या त्या बाहेर जाऊन सांगत सुटल्या की लेप लावताक्षणी ठणका थांबला.

अर्ध्या तासात रांग दुप्पट. त्यातल्या निम्म्यांची आमच्याकडं नावंच नव्हती. एका आजोबांनी तर मशीनचा हात बाजूला सारला. म्हणाले, “ते फोटो-बिटो राहू द्या. लेप तेवढा जरा जाड लावा.”

मॅडमनी बाहेर येऊन पाच मिनिटं समजावून सांगितलं की हे औषध नाही, यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागून एक बाई म्हणाली, “नसंना का. लावाय काय जातंय?”

दुपारी मी जीपकडं गेलो. रज्जाकमामा मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेले, पायजमा गुडघ्याच्या वर, हातात जेलीची बाटली. हा माणूस रोज मशीनची वायर लावतो, जेलीचे डबे स्वतः उतरवतो. मी म्हणालो, “मामा, तुम्हाला तरी माहितीये ना यात काही नसतं?”

“मालूम है ना साब,” मामा शांतपणे चोळत म्हणाले. “पर कंपनी का माल है, कुछ तो डाले होंगे.”

*

येरमाळ्याचे एक टेलर होते. टेप गळ्यातच घालून आलेले. मॅडमनी त्यांना स्क्रीनवर अस्तर दाखवलं, ते कुठं जाड झालंय ते दाखवलं. अस्तर म्हटल्यावर त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. मान वाकडी करून त्यांनी अगदी धंद्याच्या नजरेनं बघितलं.

“बदलून मिळत न्हाय का?”

“नाही. औषधानं सूज कमी होते. ती किती कमी होते ते आपण वर्षभर मोजणार.”

टेलर खाली उतरले, चपला घातल्या आणि दारात थांबले. “मॅडम, राग मानू नका. पर आमच्याकडं वर्षभर नुसतीच मापं घेतली, तर गिऱ्हाईक येत न्हाय.”

मॅडम त्या दिवशी जेवताना एकट्याच हसत होत्या.

*

गिऱ्हाईक येत नाही, हे खरंच होतं. बरं वाटलं की माणूस येत नाही, नाही वाटलं तरी येत नाही. मी फोन करून करून लोकांच्या कॉलर ट्यून पाठ केल्या. त्यात दुसऱ्या फोटोच्या तारखा कळंबच्या बाजूला नेमक्या चैत्री पुनवेच्या आसपास आल्या. त्या तारखा पुण्याहून काढलेल्या. पुण्याच्या कॅलेंडरात येरमाळ्याच्या येडाईची यात्रा कशाला असेल?

पहिल्या दिवशी खाटेवर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “जीप काढा. माणसं तिथं असतील तर मशीनही तिथं.”

यात्रेत चुनखडीचे खडे वेचायची पद्धत आहे. माणसं रानात वाकून, उकिडवं बसून खडे वेचतात आणि देवीला वाहतात. आम्ही कडेला उभे राहून आमचे पेशंट शोधत होतो. तर समोर आमच्या एक काकू, भर उन्हात उकिडव्या बसून, बसल्या बसल्या पुढं सरकत खडे वेचतायत. याच काकूंचा गुडघा कॅम्पात काटकोनाच्या पुढं वाकत नव्हता. आम्ही कोन मोजायच्या पट्टीनं मोजून तसं लिहूनही घेतलं होतं.

मॅडम त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “काकू, हा गुडघा वाकतो की!”

काकूंनी वर बघितलं, ओटीतले खडे सावरले. “देवीपाशी वाकतो. तुमच्यापाशी वाकाय तुमी काय नवसाला पावताव का?”

मी त्या दिवशी फॉर्मवर दोन कोन लिहिले. एक कॅम्पातला, एक येरमाळ्याचा. पुण्याहून मेल आला की यातला बरोबर कुठला? मॅडमनी उत्तर पाठवलं, “दोन्ही.”

*

आता तेरच्या गयाबाईंचं सांगतो.

वर्ष संपत आलं तेव्हा साठातले निम्म्याहून जास्त गळालेले. पुण्याची पत्रं आखूड व्हायला लागली होती. मॅडमचा सगळा जीव एका माणसात अडकला होता, ते म्हणजे गयाबाई. तिन्ही फोटो वेळेवर. पहिल्या फोटोत गुडघा लालभडक, दुसऱ्यात थोडे ठिपके, तिसऱ्यात एकदम स्वच्छ. असे फोटो पुस्तकात छापतात. मॅडमनी ते मोठे करून खोलीत लावले आणि पुण्याला पाठवले.

पुण्याचे मोठे सर खूश झाले. म्हणाले, मी स्वतः येतो, या बाईंना भेटतो आणि मशीनचं काय ते तिथंच ठरवतो.

मी तेरला निरोप घेऊन गेलो. गयाबाई रानात होत्या. “म्या कशापायी?” म्हणून त्यांनी बराच वेळ टाळलं. मी हातापाया पडलो. शेवटी म्हणाल्या, “येते. पर आमी तिघी येऊ.” म्हटलं तीस या.

ठरल्या दिवशी सर आले. गयाबाई आल्या, सोबत शांताबाई नावाची शेजारीण. दवाखान्यातली आमची खोली वरच्या मजल्यावर, लिफ्ट महिनाभर बंद. तरी गयाबाई तरातरा जिना चढून आलेल्या बघून मॅडमनी माझ्याकडं बघितलं. वर्षभरात त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पहिल्यांदा बघत होतो.

सरांनी स्वतः मशीन चालवलं. गुडघा स्वच्छ. एक ठिपका नाही. त्यांनी भिंतीवरचा लाल फोटो बघितला, पुन्हा स्क्रीन बघितली, आणि कौतुकानं विचारलं, “मावशी, पहिल्या वेळेपेक्षा आता किती फरक वाटतो?”

“ते म्या कसं सांगू साहेब?” गयाबाई म्हणाल्या. “पयल्या बारीला पारू आलती.”

सरांनी स्क्रीनवरून मान वळवली.

“कोण पारू?”

“आमच्या पलीकडची. तिचा गुडघा लई बेकार. तिचं आधार कार्ड लेकापाशी ऱ्हायलं पुण्याला, म्हणून नाव माझं लावलं. दुसऱ्या बारीला ही शांता आली, हिचाबी बारीक दुखतो. तिसऱ्या बारीला दोघींस्नी सवड नव्हती, मग म्या आले. आमी तिघी सावडीत हाव ना. एक दिस हिच्या रानात खुरपायचं, एक दिस तिच्या. कार्डाचंबी तसंच केलं.”

“आणि तुमचा गुडघा?”

“माझा कदी दुखलाच न्हाय.”

मी जमिनीकडं बघत होतो. तिन्ही वेळा कार्ड माझ्याच हातात आलं होतं. मी मान खाली घालून नंबर लिहायचो, सिस्टर शीर शोधायच्या, मॅडम स्क्रीन बघायच्या. डोक्यावर पदर घेतलेल्या त्या बाईचं तोंड बघायचं काम फॉर्ममध्ये कुणालाच दिलेलं नव्हतं.

मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. सरांनी चष्मा काढून पुसला. “मग औषधाच्या गोळ्या कोण खात होतं?”

“तिघी. वाटून.”

“वाटून?”

“सावडीत हाव म्हणल्यावर एकटीनं कसं खावं?”

सर उठले. आमचं मशीन गेलं, हे मला तिथंच कळलं. त्यांनी दारापर्यंत जाऊन मागं वळून विचारलं, “या पारूबाई आहेत कुठं आत्ता?”

“खाली रिक्षात बसलीया,” गयाबाई म्हणाल्या. “तिला जिना चढवंना.”

सर दारातून परत आले. मशीनचा प्लग काढला, वायर गुंडाळली, एका बाजूला हात घातला आणि मला म्हणाले, “ती बाजू तुम्ही धरा. मॅडम, जेली घ्या.”