मंग्यासमोर खाल्लेली दोन संत्री

मंग्या काल गेला आणि मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण सकाळपासून आमच्या दहावीच्या ग्रुपवर जे चाललंय ते मला वाचवत नाहीये.

“हसरा चेहरा.” “दिलदार मित्र.” “भावा, तुझ्याशिवाय ग्रुप सुना.”

हे शेवटचं आमच्या मॉनिटरने लिहिलंय. मंग्या दीड वर्ष अकोल्यात डायलिसिसवर होता. मॉनिटरचं घर मंग्याच्या घरापासून स्कूटीवर दहा मिनिटं. हा भाऊ एकदाही गेला नाही.

तर आता खरा मंग्या ऐका.

मी वर्गात शिरले की मागच्या बेंचवरून हा ओरडायचा, “आलं रे सरकीचं पोतं! बेंच खाली करा!”

अख्खा वर्ग हसायचा. मॉनिटर सगळ्यात मोठ्याने.

नववी आणि दहावी, दोन वर्षं मी डबा पाण्याच्या टाकीमागे उभी राहून खाल्ला. माझ्या तोंडात घास असताना कोणी बघू नये म्हणून.

दहावीनंतर बाबांची अमरावतीला बदली झाली. सुटले एकदाची, असं वाटलं.

गेल्या दिवाळीत कॉलेजला सुट्टी लागली आणि मेसेज आला, अकोल्यात गेट-टुगेदर आहे.

मी त्याच दिवशी एक रील बघून सात दिवसांचं डाएट सुरू केलं, सात दिवस झाले की पुन्हा पहिल्यापासून. एक दिवस नुसती फळं, एक दिवस नुसत्या भाज्या, एक दिवस कोबीचं पाणी. घरात चकल्या तळणं चाललं होतं आणि मी काकडी चावत होते.

आई वैतागली. “दिवाळीत अशी तोंड बांधून काहून बसली वं? आपल्या घरात सुतक हाये काय?”

तिला काय सांगणार? एका टवाळ पोराला बारीक होऊन दाखवायचं म्हणून उपाशी आहे? अकलेचे तारे नुसते.

गेट-टुगेदरला मंग्या आलाच नव्हता.

मी विचारलं तर मॉनिटर पनीर चावत म्हणाला, “अबे, त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या ना. घरीच पडून असते.”

आणि पुढच्या वाक्याला, “चला बे, सेल्फी घेऊ.”

मी एकटीच उठून मंग्याच्या घरी निघाले. कोणी मला चांगली म्हणू नका. मी त्याला बघायला गेले नव्हते, स्वतःला दाखवायला गेले होते.

आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. म्हणून जुन्या शहरात शिरताना किलोभर संत्री घेतली.

त्याची आई दारात भाजीच्या टोपल्या धूत होती. माझ्या हातातली पिशवी बघून कसनुसं हसली.

“येनारे सगळे हेच आनतात बाई. केळं, नारळ, संत्रं. डॉक्टरनं नेमकं हेच बंद केलं हाये त्याले. पन आननाऱ्याले नाही कसं म्हनाव?”

आत फळीवर केळी काळी पडली होती. खाली शहाळी रांगेत ठेवलेली. ज्याला पाणीसुद्धा मोजून मिळतं त्याच्या उशाशी हे सगळं. आपली रीत म्हणजे रीत, विचारायची पद्धत नाही.

खाटेवर मंग्या होता. नुसती हाडं.

“ओळखलं?” मी विचारलं.

“तुले कोन नाही ओळखन? सरकीचं पोतं.” मग नीट बघून म्हणाला, “एवढी काहून वाळली वं? तू बी बिमार हायेस काय?”

“डाएट आहे.”

“डॉक्टरनं सांगतलं?”

“नाही. मीच ठरवलं.”

तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला.

“म्हंजे तुले सगळं चालते. आन् तू खात नाहीस.”

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

“संत्रं सोल,” तो म्हणाला. “तू खा. मी पायतो.”

त्या दिवशी मला फक्त भाज्या चालणार होत्या. तरी सोललं. एकेक फोड खाल्ली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

“गोड हाये?”

“आंबट आहे.”

“खोटी नको बोलू.”

“गोड आहे.”

त्याने डोळे मिटले. मग मी मनात तीन वर्षं घोकलेलं वाक्य बोलून टाकलं. “तुझ्यामुळे मी दोन वर्षं टाकीमागे लपून डबा खाल्ला.”

“मालूम हाये मले. खिडकीतून दिसे.”

बस. एवढंच. ‘चुकलं’ नाही, ‘सॉरी’ नाही.

थोड्या वेळाने म्हणाला, “अजून एक सोल.”

दुसरंही खाल्लं आणि निघाले. एसटीत अमरावतीपर्यंत त्याला शिव्या देत आले.

मागच्या रविवारी त्याचा फोन आला. पहिल्यांदाच. आवाज पार बसला होता.

“एक दिवस येऊन जाय ना वं. एक गोष्ट सांगाची हाये. फोनवर नाही जमत.”

मी म्हणाले, “परीक्षा आहे, बघू नंतर.”

परीक्षेला अजून तीन आठवडे आहेत. अकोला दोन-अडीच तासांवर. त्याला काय सांगायचं असेल, ते मला कळलं होतं. म्हणूनच म्हटलं, बसू दे वाट बघत. मी दोन वर्षं टाकीमागे उभी होते, याला दोन-चार आठवडे काय होतात?

फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं. मॉनिटरवर थुंकायला निघालेली मी ही अशी आहे.

आज त्याच्या आईला फोन केला. विचारलं, मंगेश माझ्यासाठी काही बोलून गेला का?

“नाही वं माय,” ती म्हणाली. “मी म्हनलं, मले सांग, मी सांगतो तिले. तर म्हने, नाही, तिच्या तोंडासमोरच सांगाचं हाये.”

मंगेश, भावपूर्ण वगैरे मला जमणार नाही. राग अजून आहे.

पण मी यायला पाहिजे होतं रे.

जा आता.