विनंती खोडलेला अर्ज

मी पदवीधर झालो तो कामरगावच्या स्टँडसमोर अर्ज टाइप करणाऱ्या काकांमुळे. माझे शिष्यवृत्तीचे सगळे फॉर्म त्यांनीच भरले. आज मी खासदारांच्या जिल्हा कार्यालयात टपाल पाहतो.

काका टाइप करताना प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणतात. अर्ज कुणाचाही असो, सुरुवात ‘सविनय विनंती’नंच. “विनंतीनं दगड बी हालते, बाबू,” म्हणायचे.

धनज गावची एक बाई त्यांच्याकडे आली. तिचा मुलगा चोरवाटेनं अमेरिकेत गेला होता. तिथल्या सरकारनं त्याला भारतात न पाठवता भलत्याच देशात नेऊन कोंडलं. तिथून त्याचा एकदाच फोन आला. काकांनी खासदारांना अर्ज लिहिला: तिथं आमच्या माणसाचे हक्क कोण पाहतं, हे संसदेत विचारा. आमच्या कार्यालयातून उत्तर गेलं, ‘पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे.’

परवा मी स्टँडवर उतरलो. बाई बाकावर बसली होती. काकांनी तोच अर्ज पुन्हा टाइप केला होता, पण ‘सविनय विनंती’ पेनानं खोडली होती.

“कायले विनंती करू?” ते कडाडले. “इचारनं तुमच्या सायबाचं कामच हाय. या मायले म्या काय सांगू? बोल!”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र पाठवलं:

“काका, ते उत्तर मीच टाइप केलं होतं. अर्ज कुठंच पाठवला नव्हता, माझ्याच कपाटात होता. आज संसदेसाठी प्रश्न लिहून साहेबांपुढे ठेवला आणि सही होईपर्यंत हललो नाही. सहीला एक मिनिटही लागलं नाही. बाईंना हे सगळं सांगा, माझ्या नावासकट.”