पेल्यातला साप

आमचे हे, चियाओ मास्तर, हानतानच्या शाळेत छत्तीस वर्षं चिनी भाषा शिकवत होते. चार अक्षरांचा वाक्प्रचार आणि त्यामागची जुनी गोष्ट, यातच यांचा जन्म गेला. नूडल्स खारट झाल्या तरी सरळ बोलणार नाहीत, कुठल्या तरी राजाच्या आचाऱ्याची गोष्ट काढतील. मी म्हणायची, "मास्तर, मी तुमच्या वर्गात नाही."

या वसंतात त्यांचं जेवण तुटलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी, आमच्याकडे रीतच आहे तशी, पेशंटला आत बसवून मला आणि लेकीला बाहेर बोलावलं. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. शूलान, आमची एकुलती एक, डोळे पुसून म्हणाली, "आई, बाबांना अल्सर सांगायचं. खरं कळलं तर हाय खातील." मला पटत नव्हतं, तरी मी मान डोलावली. तिथेच माझं चुकलं.

महिनाभर नाटक चाललं. नातेवाईक उगाच हसत येत, फळं ठेवून जात. एके दुपारी ह्यांनी विचारलंच, "शूलान, मला नक्की काय झालंय?"

पोरगी गडबडली. बापाला बापाच्याच भाषेत समजवायला गेली. "बाबा, पेल्यातल्या सापाची गोष्ट तुम्हीच शिकवलीत ना? पाहुण्याला वाटलं, दारूबरोबर साप गिळला, आणि धास्तीनंच अंथरूण धरलं. साप कुठला, भिंतीवरच्या धनुष्याची सावली. तुमचंही तसंच आहे."

"आणि तो बरा कसा झाला?"

ती समोरचं फळ सोलायला लागली.

"यजमानानं त्याला परत त्याच जागी बसवलं, पेला भरला, आणि धनुष्य दाखवलं. तू मला रिपोर्ट दाखव."

शूलान माझ्याकडे बघायला लागली. मी पुसलेलंच टेबल परत पुसत राहिले. हे आम्हा दोघींकडे पाहत होते. मग म्हणाले, "बरं बाई, अल्सर तर अल्सर. पेजेत जरा साखर घाल." पोरीचा जीव भांड्यात पडला.

ती भाजीला गेली तसं ह्यांनी मला जवळ बसवलं. "किती दिवस?"

"थंडी पडेपर्यंत, म्हणाले डॉक्टर."

त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "मला कळलंय हे तिला सांगू नकोस. आपण बाबांना जपलं, एवढं तरी तिच्याजवळ राहू दे."

मी हो म्हणाले. आता लेकीसमोर नवऱ्याचं सोंग सांभाळते, नवऱ्यासमोर लेकीचं. राग येतो मला दोघांचा. एकमेकांना जपताना मी कुठे बसून रडायचं, हे कुणी विचारलंच नाही.