दोन ओळींचा दाखला

मामांचा दाखला एका ओळीचा असतो. सही खरी आहे, किंवा सही खरी नाही. तिसरा प्रकार नाही. एकोणीस वर्षं मी त्यांचे दाखले टाइप करते आहे, आणि एवढ्याशा ओळीसाठी टायपिस्ट कशाला लागते हे मला अजून कळलेलं नाही. स्वतःचं अक्षर कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, हे बहुधा खरं कारण असावं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असं मी एकदा म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मामा आधी एका मोठ्या सभागृहाच्या कचेरीत होते. मैफलींच्या कार्यक्रमपत्रिका छापून घ्यायच्या, उरलेल्या गठ्ठ्यांत बांधून ठेवायच्या आणि कार्यक्रम संपला की कलाकाराची सही वहीत घ्यायची, हे त्यांचं काम. वाजवून दमलेल्या हाताची सही आणि जेवून आलेल्या हाताची सही त्यांना वेगळी दिसते. निवृत्तीनंतर बाइंडरच्या दुकानावरची खोली घेतली. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा आणि भिंग, आणि चहाचा कप दहा पावलांच्या आत आणायचा नाही. माझ्या लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून आले तेव्हा नवऱ्याची सही बघून म्हणाले, "घाई दिसते." तो बिचारा अजून त्यावर विचार करतो.

गिऱ्हाइकासाठी नियमही एकच: हकिकत सांगायची नाही. "हकिकत ऐकली की डोळा लाचावतो," असं ते म्हणतात. म्हणून लोक हकिकत मला सांगतात, दाराबाहेरच्या बाकावर बसून.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. वडील नुकतेच गेले होते. तेही शाळेतच, संगीत शिकवायचे. आयुष्यभर ते एक गोष्ट सांगत: तरुणपणी, एका फार मोठ्या पियानोवादकाच्या मैफलीत, मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या स्वरलिपीची पानं उलटली होती. घरात कुणाचाही विश्वास नव्हता. बाईंच्या काकांनी तर भावाचं नावच 'शेजारी' ठेवलं होतं. पुढे भावाभावांत वितुष्ट आलं आणि वीस वर्षं येणंजाणं बंद झालं. आता काका आले ते थेट अंत्यदर्शनाला, आणि तिथेही चार लोकांत म्हणाले, "गेला आमचा शेजारी." दोघं-तिघं हसले.

"नंतर बाबांच्या पेटीत ही सापडली," बाई म्हणाल्या. त्याच मैफलीची पत्रिका, आणि मुखपृष्ठावर त्या वादकाची सही. "खरी आहे एवढं लिहून द्या. काकांच्या हातात ठेवते. मला दुसरं काही नको."

आत गेल्यावर मामांनी पत्रिका घेतली. वीस मिनिटं खोलीत खालच्या दुकानातल्या कात्रीचा तेवढा आवाज. मग दिवा बंद केला.

"सही खरी नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइप करायला घेतलं, कारण दुसरं काय करणार.

"या गृहस्थांचं मनगट मोडलं होतं," मामा म्हणाले. "त्याआधी सहीखालची रेघ एका झटक्यात यायची. नंतर दोन तुकड्यांत. पत्रिका अपघाताच्या आधीची आणि रेघ नंतरची. कुणीतरी रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या छापील सहीवरून उतरवली आहे. सावकाश. मन लावून."

"म्हणजे काका खरं बोलत होते."

मामांना काका कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी पत्रिका उघडून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "आणखी एक ओळ घे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"घे. सदर पत्रिका पानं उलटणाऱ्याची आहे."

बाईंचा हात पर्सच्या बंदावर तसाच राहिला. मामा आत, रचनांच्या यादीशेजारी, पुसट पेन्सिलीवर बोट ठेवून वाचू लागले. पहिल्या रचनेपाशी: 'मान हलवत नाहीत. डावा खांदा बघ.' तिसरीपाशी: 'पहिला भाग पुन्हा नाही. मागे उलटू नको.' शेवटी: 'उठून उभं राहा, बसून हात पोचत नाही.'

"श्रोत्याला याचा काय उपयोग?" मामा म्हणाले. "हे शेजारी बसणाऱ्यालाच लागतं, पान कधी उलटायचं ते कळायला. आणि पेन्सिल जुनी आहे, घडीबरोबर झिजली आहे."

'शेजारी' हा शब्द त्यांच्या तोंडून आला तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. मी टाइप करत राहिले.

बाई बराच वेळ त्या तीन ओळी वाचत होत्या. "ही पेन्सिल मी पाहिली होती," म्हणाल्या. "वाटलं, शिकवण्याचं काहीतरी असेल." मग पत्रिका मिटून मुखपृष्ठ वर केलं. "ही सही... कुणीतरी त्यांना फसवून विकली असेल ना?"

"ते मला सांगता येणार नाही. कधी केली ते सांगतो. पत्रिका पन्नासएक वर्षांची आहे, पण ही शाई जेल पेनची, त्यातही नव्या जातीच्या. या जातीचं पेन बाजारात येऊन दहा-बारा वर्षं झाली. त्याच्या आत कधीतरी."

मामा उठून हात धुवायला गेले. काम संपलं की ते हात धुतात. मी कागद यंत्रातून काढून बाईंच्या पुढे ठेवला. दोन्ही ओळी एकाखाली एक होत्या. पहिली गाळायला त्या सांगतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी सांगितलं नाही. कागदाकडे पाहिलंच नाही.

"दहा-बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "काका तेव्हा येतच नव्हते. आईही गेली होती."

मी यंत्रावर झाकण चढवलं.

"घरात मी एकटीच होते हसायला."