काशीबाईंनी पुढे केलेला प्याला

बाळांनो, आज दूधपावडरचा नवा डबा उघडला आणि त्या गोडसर वासासरशी लोहारा गावाजवळचं आमचं लहानसं चर्च आठवलं.

दुष्काळ होता. चर्चमध्ये आलेली दूधपावडर मुलांसाठी वाटायचं काम शिक्षिका म्हणून माझ्याकडे होतं. शनिवारी काशीबाई नातीसाठी वाटी घेऊन आल्या. उरलेला अर्धा डबा मी तेव्हा लहान असलेल्या तुमच्या बाबांसाठी राखला होता. “संपली,” असं म्हणून मी तो फळीवर मागे सरकवला.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांत द्राक्षरसाचा एकच प्याला हातोहात फिरायचा. मनात खोट असेल त्यानं प्याल्याला हात लावू नये, असं पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बजावलं. मी आपली इतरांची पापं आठवत बसले होते. तेवढ्यात शेजारून काशीबाईंनी प्याला पुढे केला. प्यावं तर देवाची भीती, नाकारावं तर साऱ्या मंडळीची.

“घ्या की बाई. का थांबलाव?”

“काल पावडर होती. मी खोटं बोलले.”

“म्हाईत हाय मला,” त्या हळूच म्हणाल्या. “रिकामा डबा असा मुका सरकत न्हाय. दुपारी येते वाटी घिऊन. आता धरा, माजा हात भरून आला.”

मी प्यायले तेव्हा प्याल्याच्या काठावर माझे दात वाजत होते.

त्या दिवशीची भीती कधीच ओसरली. आज वेगळीच भीती वाटते. तो प्याला दुसऱ्या कुणाच्या हातून आला असता, तर ते खोटं मनात तसंच ठेवून मी निमूटपणे प्यायले असते.